झाडाची उंची विचारू नका

नर्सरीत गेल्यावर आपण शहरी मंडळी दोनच प्रश्न विचारतो. केवढ्याला दिलं? आणि याहून मोठं आहे का? बस्स. मोबाईल घेताना रॅमपासून बॅटरीपर्यंत सगळं खोदून विचारणारे आपण, पण आंब्याचं कलम मात्र उंचीवर घेतो.

जळगावात तर हे फारच विनोदी वाटतं. इथून रावेर-यावलकडे जा आणि केळीवाल्याला रोपं घेताना ऐका. रोप पंधरा-वीस रुपयांचं, पण उलटतपासणी वकिलासारखी. लॅब कुठली? जी-नाईनच ना? ट्रेमधलं की पिशवीतलं? पानं किती?

यातला ट्रे-पिशवीचा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. टिश्यू कल्चरचं रोप बाटलीत आयत्या साखरेवर वाढलेलं असतं, बाहेरची हवा त्याला सोसत नाही. म्हणून आधी ते ग्रीनहाऊसमध्ये ट्रेत ठेवतात, मग शेडनेटमध्ये पिशवीत. प्रायमरी आणि सेकंडरी हार्डनिंग म्हणतात ते हेच. आपल्या भाषेत अल्फा आणि बीटा. शेतात लावायचं रोप असतं साधारण ३० सेंटीमीटरचं, पाच-सहा पानांचं. 'तीन फुटी दाखवा' असं कोणी म्हणत नाही.

आणि उंचीवरून कळत नाही अशी मोठी गोष्ट म्हणजे विषाणू. कुकुंबर मोझॅक, इकडच्या भाषेत हरण्या. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात यापायी लोकांनी उभी केळी उपटून फेकली. रोग माव्यामुळे पसरतो, त्यामुळे रोप शुद्ध असलं तरी बाग वाचेलच असं नाही. पण रोपच रोगट आणलं तर बोलणंच खुंटलं. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी २००६ पासून प्रमाणीकरणाची पद्धत आहे. मातृरोपांची विषाणूंसाठी तपासणी होते, रोपांच्या लॉटचीही होते, मग लेबल मिळतं. त्या लेबलवर उंचीचा आकडा बघायला कोणी जात नाही.

आता आपल्या नर्सरीतल्या मापाकडे येऊ. 'सहा बाय आठची पिशवी' म्हणजे रिकामी पिशवी सपाट ठेवून इंचात मोजलेली रुंदी आणि उंची. माती भरली की ती गोल होते. शाळेतली भूमिती लावा: सहा इंच रुंदीची पिशवी भरल्यावर व्यास उरतो पावणेचार इंचांच्या आसपास. आठ बाय दहाची घेतली तर पाच इंच, आणि माती दुपटीहून जास्त! कुंडीचं माप मात्र तोंडाच्या व्यासाचं असतं. म्हणजे सहा इंची पिशवी आणि सहा इंची कुंडी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. (अमेरिकेतही हाच घोळ आहे. तिथली नर्सरीची 'एक गॅलन' कुंडी खऱ्या गॅलनपेक्षा बरीच लहान असते.)

सहा बाय आठच्या पिशवीत चार फुटी झाड दिसलं तर खूश होऊ नका. मुळं आत गोल गोल फिरून गुंडाळलेली असणार, किंवा पिशवीच्या भोकातून बाहेर पडून जमिनीत गेलेली. उचलताना ती तुटतात. वर चार फुटांचा पसारा, खाली मूठभर मुळं आणि समोर आपला ४५ अंशांचा मे महिना. त्यापेक्षा त्याच पिशवीतलं दीड फुटी, जाड बुंध्याचं झाड जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा. दोन वर्षांत ते त्या उंच झाडाला गाठेल असं माझं ठाम मत आहे.

फळझाडाचं तर विचारूच नका. 'केशर' लिहिलेली चिठ्ठी म्हणजे अर्धीच माहिती. कलम आहे की कोयीचं रोप? कलम असेल तर सांधा कुठे आहे? सांध्याखालून फुटवे आलेत का? ते वाढू दिले तर पुढे केशर सोडून भलताच आंबा पोसाल. खुंट कोणता? संत्रा-मोसंबीला काळ्या जमिनीत रंगपूर लिंबाचा खुंट उगीच सांगत नाहीत. जात खोटी निघाली तर ते कळायला चार-पाच वर्षं जातात. तोवर बिल हरवलेलं असतं आणि झाडाला एक्स्चेंज ऑफर नसते.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. परवाना लागतो, आणि जात, वय, खुंट यांची माहिती चिठ्ठीवर देणं अपेक्षित आहे. तेव्हा संकोच सोडा. परवाना विचारा, बिलावर जात आणि खुंट लिहून मागा. "भाऊ, एवढं कोणी विचारत नाही" असं उत्तर आलं तर त्याच्याकडून मोगरा घ्या आणि आंबा दुसरीकडून आणा.