टाके तिचे, नाव दुसऱ्याचे

आइसलँडची गायिका-अभिनेत्री ब्योर्क हिचे नाव निघाले की अनेकांना आठवतो तो २००१ च्या ऑस्कर सोहळ्यातला तिचा राजहंसाचा झगा. त्याच वर्षी आलेला तिचा 'व्हेस्पर्टाइन' हा अल्बम कोणी आणि कसा घडवला, याची चौकशी मात्र फारशी झाली नाही.

तो हिशेब अखेर २०१५ मध्ये एका मुलाखतीत तिनेच मांडला. अल्बममधले सुमारे ८० टक्के ताल तिने स्वतः रचले होते. या कामाला तीन वर्षे लागली आणि ते मोठे भरतकाम करण्यासारखे होते, असे ती म्हणाली. मॅटमॉस ही दोन पुरुष संगीतकारांची जोडी शेवटच्या दोन आठवड्यांत आली आणि तिने वरून तालवाद्यांची भर घातली. छापून मात्र असे आले की सारा अल्बम त्यांचाच! जोडीतला एकजण ब्योर्कचा मित्र. तो प्रत्येक मुलाखतीत ही चूक दुरुस्त करी, तरी कुणी ऐकेना. २०१५ च्या 'व्हुल्निक्युरा'च्या वेळीही निर्मितीचे श्रेय सहनिर्मिती करणाऱ्या आर्काच्या एकट्याच्या नावावर लिहिले गेले.

म्हणजे इथे कुणी चोरी केलेली नाही. ऐकणाऱ्याच्या मनातच वाटणी पक्की आहे: आवाज बाईचा, डोके पुरुषाचे. गाणे ही बाईची निसर्गदत्त देणगी. यंत्रापुढे बसून रचना करणे हे मात्र पुरुषाचे कसब. ब्योर्कने केन्ये वेस्टचे उदाहरण दिले. त्याने उत्तमोत्तम ताल रचणारे गोळा केले, तरी अल्बम त्याचाच, ही शंका कुणी घेत नाही.

ही बाई काही नवखी नव्हे. तिचा पहिला अल्बम १९७७ चा, शाळकरी वयातला. २००० साली 'डान्सर इन द डार्क' या चित्रपटात तिने प्रमुख भूमिका केली, संगीतही दिले आणि कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळवले. तिच्या देशात २४ ऑक्टोबर १९७५ रोजी सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरचे-बाहेरचे काम बंद ठेवले होते. अशा देशातून आलेल्या, जगप्रसिद्ध बाईलाही 'हे मी केले' असे पुनःपुन्हा सांगावे लागते.

श्रेयाची हाव बाईला शोभत नाही, असे आपल्याला शिकवलेले असते. चळवळीतही 'काम सर्वांचे' म्हणून आपण नाव लिहायला संकोचतो. पण नाव नसले की पुढचे काम मिळत नाही, मोबदला मिळत नाही आणि मागून येणाऱ्या मुलींना ती वाट आहे हेच कळत नाही. ब्योर्क बोलली तीही या मुलींसाठीच.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या अहवालांवर, पुस्तिकांवर, पथनाट्यांच्या संहितांवर लिहिणारीचे, चाल लावणारीचे, चित्र काढणारीचे नाव घालण्याची शिस्त आपण आपल्यापासूनच सुरू करू या.