जुलैत ताजं पापलेट मागणाऱ्यांनो!

ग्रीस-इटलीची रील्स बघून उसासे टाकायचे आणि शनिवारी ओव्याहून पेण-वडखळमार्गे अलिबाग गाठायचं. हरकत नाही, समुद्र तोही छानच. पण टेबलावर बसताच ऑर्डर ठरलेली: पापलेट, ताजं हवं. महिना कुठला? जुलै!

जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ताटात येणारं पापलेट बहुतेकदा बर्फातलंच. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवला, कारण न वाढलेली पिल्लंच जाळ्यात येत होती. पिल्लं संपली की कोळ्याची बोट किनाऱ्यालाच राहणार. दोष फक्त जाळ्याचा नाही. बारमाही मागणी आपलीच आहे.

भूमध्य समुद्राकाठच्या जेवणाचं कौतुक कशाचं? जिथलं तिथलं, ज्या त्या ऋतूतलं. मग आपल्याकडच्या पावसाळ्यात सुकट, सुके बोंबील, खाडीची चिंबोरी, टाकळ्याची भाजी, वालाचं बिरडं काय कमी आहे? मेन्यूकार्डावर ते सापडत नाही, कारण आपण विचारतच नाही.

विचारा. नसेल तर दुसऱ्या खानावळीत जा.