फोन बदलायला हरकत नाही, पण मापांचं काय?

ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा धंदा हल्ली फोनमध्येच असतो. सांगलीतल्या माझ्या दुकानातली मापवही कधीच मागे पडली. छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा-मागचा गळा, सगळं व्हॉट्सॲपवर. "काकू, माप गेल्या वेळचंच, फक्त मागचा गळा बोटभर खोल घ्या," असा व्हॉइस मेसेज पुण्याहून येतो, न्यू जर्सीहूनही येतो. आता माझा अँड्रॉइड फोन रडतखडत चालतोय आणि भाचीने धोशा लावलाय, "मावशी, या वेळी आयफोनच घे." फोटोत कापडाचा रंग खरा दिसेल, फोन बरीच वर्षं टिकेल, हे तिचं म्हणणं पटतं. पैशांचं हप्त्यांवर भागेल. घोडं अडलंय ते भलतीकडेच.

दुकानदार म्हणाला, "सगळं आपोआप येतं हो!" येत नाही. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो आणि आयफोनला लागतो आयक्लाउडवरचा. चॅट हलवायची अधिकृत सोय २०२२ मध्ये आली, पण तिची अट अशी की आयफोन कोरा करकरीत हवा, नंबर तोच हवा आणि दोन्ही फोन चार्जरला लावून शेजारी शेजारी ठेवायचे. हौसेने आधीच फोन सुरू केला असेल, तर पुसून पुन्हा पहिल्यापासून. एक्स्चेंजमध्ये घ्यावा तर डिलिव्हरीवाला जुना फोन दारातच मागतो. मग शेजारी ठेवायचं काय, पोळपाट? शिवाय यूपीआय नव्याने जोडा, विकत घेतलेली ॲप्स पुन्हा विकत घ्या.

आपलं गिऱ्हाईक निष्ठावान आहे, असं फोन कंपन्या मिरवतात. त्यातली बरीचशी निष्ठा या कटकटीच्या धास्तीने आलेली असते. माझी शिलाई आवडली नाही, तर बाई आपलं कापड उचलून पलीकडच्या टेलरकडे जाते. कापड तिचं असतं, मी अडवून ठेवू शकत नाही. फोनमधली माहितीही माझीच आहे ना?

यावर उपाय नाही असं नाही. नंबर जाईल या भीतीने लोक पूर्वी मोबाइल कंपनीची रद्दी सेवाही मुकाट सोसायचे. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली, कारण तसा नियम झाला. माहितीबाबत मात्र आपण मागे आलो. माहिती संरक्षण कायद्याच्या न्या. श्रीकृष्ण समितीने केलेल्या २०१८ च्या मसुद्यात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात तो गळाला. युरोपात असा हक्क २०१८ पासून आहे. आपल्याकडेही तो परत यायला हवा, आणि फोन विकणाऱ्या कंपन्यांवर तो बंधनकारक असायला हवा.

तोवर माझं ठरलंय. फोन बदलणार, पण लग्नसराई उरकल्यावर. एक्स्चेंजचे चार पैसे सोडणार आणि शेवटचा मेसेज नव्या फोनवर दिसेपर्यंत जुना हातातून सोडणार नाही. तुम्हीही दुकानात गेलात की कॅमेरा किती मेगापिक्सलचा हे मागाहून विचारा. आधी विचारा, उद्या हा फोन सोडायचा झाला तर माझं काय काय बाहेर नेता येईल?