बाण लागतो, पण ड्रॅगन मरत नाही

उन्हाळ्याच्या सुटीतली गोष्ट. दुपारची वामकुक्षी आटोपून बाहेरच्या खोलीत आलो, तर नातू टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. हातात खेळाचा कंट्रोलर. पडद्यावर एक तरुण डोंगराच्या कड्यावर उभा, खाली मोठे तळे आणि तळ्यावर लांबलचक पूल. गोळीबार नाही, मोटारींची शर्यत नाही, काहीच घडत नव्हते.

"बिघडलं का रे?" मी विचारले.

"नाही आजोबा, वाट बघतोय."

"कुणाची?"

"ड्रॅगनची. तो पहाटे येतो."

बसथांब्यावर दोन मिनिटे उभे राहायची वेळ आली की ज्याची चुळबुळ सुरू होते, तो नववीतला मुलगा चक्क कुणाची तरी वाट पाहत स्वस्थ बसला होता. 'बंद कर ते आणि पुस्तक घे' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले आणि खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्या दुपारी जे पाहिले आणि पुढच्या काही दिवसांत जे समजून घेतले, त्यावरून हा लेख लिहितो आहे. व्हिडिओ गेम म्हटले की घराघरांत जे वाद होतात, त्यांत आपण थोरली माणसे बहुधा न पाहताच निकाल देतो, असे माझे मत झाले आहे.

खेळाचे नाव 'द लिजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो मार्च २०१७ मध्ये आणला. या मालिकेतला पहिला खेळ १९८६चा, शिगेरू मियामोतो यांच्या कल्पनेतून निघालेला. लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावच्या रानात आणि गुहांत भटकताना जी गंमत वाटली, तीच मुलांना द्यायची होती, असे ते सांगत आले आहेत. २०१७च्या खेळात ही भटकंती अगदी मोकळी सोडली आहे. हायरूल नावाचे राज्य, त्यात डोंगर, वाळवंट, जंगल, समुद्र. खेळणाऱ्याचा नायक लिंक. कुठे जायचे, आधी काय करायचे, हे बहुतांशी त्याचे त्याने ठरवायचे.

या राज्याच्या आकाशात तीन ड्रॅगन फिरतात. डिन्राल आगीचा, नेड्रा बर्फाचा आणि फारोश विजेचा. प्रत्येकाचा मार्ग ठरलेला. फारोश कधी तळ्यातून वर येतो आणि पुलावरून सरकत जातो, नेड्रा बर्फाळ शिखरांकडे, डिन्राल तापलेल्या डोंगरांच्या आणि दऱ्यांच्या बाजूला. त्यांच्याशी लढाई नसते. ते लिंकवर चालून येत नाहीत, फार काय, त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अंगाभोवती ठिणग्यांचे नाहीतर हिमाचे गोळे तरंगत असतात, त्यांना मात्र जपावे लागते. गारठ्याला किंवा आगीला साजेसे कपडे घालून जवळ जायचे आणि नेम धरून एक बाण मारायचा. अंगाला लागला तर खवला मिळतो, पंजाला लागला तर नखी, तोंडाला लागला तर सुळ्याचा तुकडा, शिंगाला लागला तर शिंगाचा. ती वस्तू ताऱ्यासारखी चमकत खाली पडते. ती जिथे पडेल तिथवर धावत जाऊन शोधायची. एका फेरीला एकच वस्तू. ड्रॅगन मरत नाही, आपल्या वाटेने पुढे निघून जातो.

पाश्चात्त्य गोष्टींतला ड्रॅगन मारण्यासाठीच असतो. सेंट जॉर्जच्या चित्रांत तो भाल्याखाली तडफडताना दिसतो. आपल्या आजीच्या गोष्टीतला राक्षसही शेवटी मरायचाच. फक्त त्याचा जीव सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असायचा, एवढेच. जपानचा ड्रॅगन वेगळा. त्याला पंख नसतात, अंग सापासारखे लांब, आणि नाते पाण्याशी, पावसाशी. ज्या क्योतो शहरात १८८९ साली पत्त्यांचा कारखाना म्हणून निन्टेन्डोचा जन्म झाला, तिथल्या तेन्र्यू-जी या झेन मंदिराच्या नावातच 'आकाशातला ड्रॅगन' आहे. केन्निन-जी मंदिराच्या छतावर दोन प्रचंड ड्रॅगन आहेत. त्या मंदिराला आठशे वर्षे झाली म्हणून २००२ मध्ये ते रंगवले गेले.

आणि या ड्रॅगनशी आपले लांबचे का होईना, नाते आहे. बौद्ध ग्रंथ भारतातून चीनमध्ये गेले, तेव्हा त्यांतल्या 'नागा'साठी तिथल्या भाषांतरकारांनी आपल्या ड्रॅगनचाच शब्द वापरला. आपला नागराज तिकडे ड्रॅगनराजा झाला आणि पुढे जपानला पोहोचला. नागपंचमीला नागाला न मारता पुजणाऱ्या घरातल्या मुलाला हा फारोश परका वाटायचे कारण नाही. हे मी नातवाला सांगितले. "म्हणजे तो आपलाच?" एवढे विचारून तो पुन्हा धनुष्य सरसावून बसला.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटला तो मर्यादेचा. मोठ्या प्राण्याजवळ जायचे, गरजेपुरते घ्यायचे आणि त्याला जाऊ द्यायचे. एवढेच नव्हे, घेतलेले परतही द्यायचे. नेड्रा प्रथम दिसतो तो एका शिखरावर, अंगावर दुष्ट शक्तीची घाण साचलेली, आजारी जनावरासारखा. त्याच्या अंगावरचे ते विखारी डोळे बाणांनी फोडून त्याला मोकळे करावे लागते, आणि नंतर मिळालेला त्याचा खवला झऱ्यातल्या देवीच्या मूर्तीला वाहावा लागतो. तसे आणखी दोन झरे आहेत, दुसऱ्या दोन ड्रॅगनांच्या खवल्यांसाठी.

पण मी इथेच थांबलो, तर तो खेळाचा प्रचार होईल. नाण्याची दुसरी बाजू मी दुसऱ्याच दिवशी पाहिली. या तुकड्यांना बाजारभाव आहे, चिलखत बळकट करायला ते लागतात, आणि शिंगाचा तुकडा घालून रांधलेल्या पदार्थाचा गुण तीस मिनिटे टिकतो. नातवाने वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती : खवले किती, नख्या किती, कुठल्या पुलाजवळ उभे राहायचे. खेळातला दिवस आपल्या चोवीस मिनिटांचा. तेवढीही वाट पाहायची नसेल, तर युक्ती आहे. शेकोटी पेटवायची, तिच्याशेजारी बसायचे आणि 'सकाळ' निवडायची. क्षणात उजाडते. ड्रॅगन येतो, बाण सुटतो, वस्तू पडते, पुन्हा शेकोटी, पुन्हा सकाळ. तासाभरात त्याने किती पहाटा उरकल्या, हे मोजायचे मी सोडून दिले. आदल्या दिवशी ज्याला पाहून त्याचा श्वास रोखला गेला होता, तो फारोश आता रेशनच्या दुकानातला माल झाला होता.

मला राग आला, पण क्षणभरच. कारण ही शेकोटी आपणच मुलांच्या हाती दिली आहे. आंबा पिकायला वेळ लागतो, म्हणून पावडर लावून पिकवणारे आपणच. गणित समजले की नाही हे न विचारता किती गुण पडले ते विचारणारेही आपणच. निसर्गातली प्रत्येक गोष्ट 'यातून काय मिळेल' या यादीत बसवायची सवय मुलाला खेळाने लावलेली नाही, ती तो घरून घेऊन गेला. खेळाने फक्त ती आपल्याला स्वच्छ दाखवली.

याचा अर्थ मुलांना दिवसभर मोकळे सोडावे, असा मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर ओढीला विकार म्हणून स्थान आहे. झोप, जेवण, अभ्यास, मित्र हे सारे सुटूनही खेळ सुटत नसेल, तर तिथे कौतुक कामाचे नाही. आमच्याकडे वेळ ठरलेली आहे आणि ती पाळण्यावरून आठवड्यातून दोनदा तरी भांडण होते. ते होऊ द्यावे. माझे म्हणणे इतकेच की, किती वेळ खेळलास, एवढ्या एकाच प्रश्नावर पालकांनी थांबू नये. काय केलेस, हेही विचारावे आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ शेजारी बसावे.

शेजारी बसलो नसतो, तर पुढचा प्रसंग मला कळलाच नसता. मे २०२३ मध्ये या खेळाचा पुढचा भाग आला, 'टिअर्स ऑफ द किंगडम'. त्यात ड्रॅगनच्या पाठीवर उतरता येते, पाठीवर उगवलेले काटे हाताने काढून घेता येतात आणि दहा मिनिटांनी ते पुन्हा उगवतात. यात एक चौथा, उजळ ड्रॅगन आहे. (ज्यांच्या घरी हा खेळ चालू आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद मुलांना वाचून दाखवू नये.)

तो ड्रॅगन म्हणजे राजकन्या झेल्डाच. प्राचीन काळात अडकलेली. मोडलेली तलवार पुन्हा तेजस्वी व्हावी आणि ती लिंकच्या हाती पडावी, म्हणून तिने एक दिव्य खडा गिळला. असा खडा गिळणारा ड्रॅगन होऊन अमर होतो, पण स्वतःला विसरतो. ती युगानुयुगे आकाशात फिरते आहे, ती तलवार आपल्या कपाळात रोवून. लिंक पाठीवर उभा राहिला, तरी ती त्याला ओळखत नाही.

हे उलगडले त्या संध्याकाळी नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने लिंकला तिच्या पाठीवर उतरवले. समोर काटे चमकत होते.

"आजोबा, घेऊ का हिचे?"

"नियमात बसतं ना?"

"बसतं. पण ही झेल्डा आहे."

चाळीस वर्षे मी वर्गात मूल्यशिक्षणाचे तास घेतले. फळ्यावर सुविचार लिहिले, मुलांनी ते वहीत उतरवले. पण नियम परवानगी देतो आणि मन कचरते, अशा जागी एखादा विद्यार्थी माझ्यासमोर इतका स्पष्ट उभा राहिलेला मला आठवत नाही. तो ज्याला 'सामान' म्हणत होता, त्याला आता नाव आणि इतिहास मिळाला होता. उत्तर द्यायचा मोह झाला. दिले नाही. "तूच ठरव," म्हटले.

तो थोडा वेळ थांबला. मग एक काटा घेतला. एकच. बाकीचे तसेच ठेवले आणि वेळ संपेपर्यंत तिच्या पाठीवर नुसता बसून राहिला. खाली सारे राज्य सरकत होते.

त्याने एकही घ्यायला नको होता, असे कुणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले. पण आपण तरी झाडाचे, नदीचे, आईबापांचे काही न घेता कुठे जगतो? घेताना हात थोडा अडखळावा, आणि कुठे थांबायचे ते आपले आपल्याला कळावे, एवढे पुरे आहे. आठ वाजले होते. मी काही न बोलता त्याने यंत्र बंद केले आणि "जेवायला काय आहे?" असे विचारत तो आत गेला.