शिसव राहू द्या, गोठ्यातलं जू काढा

गेल्या महिन्यात भाताच्या रोपवाटिका बघायला हरसूल भागात गेलो होतो. काम आटोपून निघालो तर बांधावर एका वयस्कर शेतकऱ्यानं थांबवलं. "भाऊसाहेब, हा शिसव विकू का? एक व्यापारी येऊन गेला. पेनं करायला पाहिजे म्हणतो. बुंध्याजवळची गाठ हाय ना, ती त्याला लई आवडली." किती देतो म्हणून विचारलं, तर एका शेळीची किंमत सांगितली.

वाचकहो, पेनासाठी झाड पाडायचं म्हटल्यावर मलाही आधी हसू आलं. पण हा धंदा खरा आहे. लेथवर कातलेल्या लाकडी पेनाला शहरात आणि परदेशातही हौशी गिऱ्हाईक आहे. ते दाम मोजतं लाकडातली रेघ बघून. सरळ वाढलेल्या खोडात रेघ साधी असते. जिथं गाठ आली, जिथं दोन फांद्यांचा बेचका आहे, तिथं तंतू वळतात आणि लाकडात लाटा, डोळे, पिसं उमटतात. सुतार जो तुकडा बाजूला टाकतो, तोच पेनवाला उचलतो.

आता हिशेब करू. पेनाला लागतो पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाडीचा चौरस तुकडा. एका घनफुटात असे सहाशेच्या वर तुकडे बसतात. करवतीचा भुसा, चिरा, किडका भाग वजा करून निम्मे धरा. म्हणजे घनफूटभर लाकडाची तीनशे पेनं! आणि बाबांना मिळणार एक शेळी. दोन पिढ्यांनी जपलेल्या झाडाचा हा भाव असेल तर तो व्यापार कुणाच्या फायद्याचा, हे मी वेगळं सांगायला नको.

शिवाय कायदा आहे. साग, खैर, ऐन, तिवस, हिरडा, मोह, आंबा ही झाडं स्वतःच्या मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे आणि त्यातला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. 'कागदाचं मी बघतो' म्हणणारा व्यापारी नाक्यावर गाडी अडली की दिसत नाही, सातबारावरचं नाव मात्र तुमचं असतं. परदेशात माल पाठवायचा तर शिसवाचं सगळं कूळ २०१७ पासून 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या देखरेखीखाली आहे. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना त्यात सूट आहे, पण लाकूड कुठून आणलं हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून मी बाबांना म्हटलं, झाड राहू द्या, आधी गोठा दाखवा.

तुम्हीही आपल्या गोठ्याच्या माळ्यावर जरा बघा. भाताच्या चिखलणीला पॉवर टिलर आला, बैल गेले, औतं मात्र तिथंच पडली आहेत. तिवसाचं जू, बाभळीचं इसाड, मोडक्या गाडीचा तुंबा आणि आरे. आजोबांनी लाकूड पारखून घेतलेलं, चुलीच्या धुरात वीस-तीस वर्षं वाळलेलं. बैलांच्या मानेनं गुळगुळीत झालेलं ते जू आपण आज बंबात घालतो. असं मुरलेलं लाकूड पैसे देऊनही सहज मिळत नाही. घरी पडलेल्या आंब्याच्या फांद्याही बघा. पावसात भिजलेल्या आंब्याच्या लाकडात बुरशी काळ्या शाईसारख्या रेषा काढते. फार मऊ पडण्याआधी ते वाळवलं तर त्या रेषांनाही गिऱ्हाईक आहे. आपण मात्र कुजकं म्हणून जाळतो.

ओलं लाकूड वापरायचं तर वाळवणं हा सगळ्यात अवघड भाग. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींनासुद्धा बुरशी येते. श्रावणात त्र्यंबकला कातलेलं पेन चैत्रात जालना-परभणीला गेलं की तडकतं. लाकूड आकसतं, आतली पितळी नळी आकसत नाही, मग ते नळीवर ताणून फाटतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका सुतारमित्राच्या लेथवर मी हौसेनं पाच पेनं केली, त्यातली तीन उन्हाळ्यात फाटली. तेव्हा तुकडे आधी कापून ठेवावेत, टोकांना मेण लावावं, हवेशीर सावलीत रचावेत आणि दर पंधरा दिवसांनी वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या हवेला वाळलं. हे वजन मार्च-एप्रिलात बघावं, पावसाळ्यातल्या वजनावर भरवसा नको. आणखी एक, नाकाला मास्क बांधल्याशिवाय लेथवर बसू नये. शिसवाच्या भुशानं अंगाला खाज सुटते, दम लागतो. बुरशीच्या लाकडाचा भुसाही चांगला नाही.

लेथ, ड्रिल, नळ्या, रिफिली, क्लिपा हे सगळं विकत आणावं लागेल. हात बसायला काही महिने जातील आणि वीज गेली की काम थांबेल. दहावी-बारावी झालेल्या चार-पाच पोरांनी मिळून एक लेथ घ्यावा, एकट्यानं कर्ज काढू नये, असं माझं मत आहे. सावंतवाडीत लाकूड कातून, लाखेनं रंगवून खेळणी करणारी घराणी आहेत. ते काम निदान एकदा बघून यावं. आमच्या प्रशिक्षणांत शिलाई मशीन आणि अगरबत्तीच्या पुढे गाडी जात नाही, त्यात कातकामही बसावं असं मला वाटतं. बसेल तेव्हा बसेल.

गिऱ्हाईक मात्र दारात आहे. इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या हस्तलिखित वंशावळी आहेत. माणूस इथं येतो, पणजोबांचं नाव शोधतो, खाली आपलं लिहितो. त्या वेळी हातात पेन कुठलं असतं? बाहेरून आलेलं, प्लॅस्टिकचं. २०२७ चा सिंहस्थ आला आहे. तेव्हाही कुशावर्ताच्या वाटेवरच्या दुकानांत माल परगावचाच असणार का?

बाबांचा शिसव अजून उभा आहे. त्यांनी माळ्यावरून जू काढून धुवून ठेवलं. एका टोकाला कीड लागली होती, तेवढं कापलं. उरलेल्या भागातून किती तुकडे निघतील ते आम्ही खडूनं आखलं. एकवीस निघाले. नातू म्हणाला, पहिलं पेन आज्याला.