बोअर आधी, पाण्याची तपासणी कधी?

डोंबिवलीत राहणाऱ्या, मूळच्या दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकांचा परवा फोन आला. गावाकडे भावाने सोयाबीनला बोअरचं पाणी दिलं आणि आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. सासुरवाडीचं रान मात्र मुरमाड, तिथलं पाणीही मचूळच, पण पीक उभं आहे. "साहेब, पाणी दोन्हीकडे खारं, मग आमच्याच नशिबाला का?"

नशिबाचा यात संबंध नाही, मातीचा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन खोल, काळी, चिकण. खालचं पाणी खारं. मुरमाड रानात पाणी झिरपतं आणि जाताना मीठही खाली नेतं. काळ्या रानात पाणी वाफ होऊन उडून जातं, मीठ मुळांपाशी राहतं. शिवाय पाण्यात सोडियम जास्त असेल तर चिकणमातीचे कण सुटे होतात, वर पापडी धरते आणि पुढचा चांगला पाऊसही आत मुरत नाही.

थोडा हिशोब करू. पाण्याची क्षारता ३ डेसीसीमेन असेल तर लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम क्षार. एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी. म्हणजे एका पाळीत जवळपास चारशे किलो क्षार, ५० किलोची आठ पोती! युरियाची पोती आपण मोजून टाकतो, ही कोणी मोजत नाही.

सोयाबीन तसं अगदी नाजूक पीक नाही. जागतिक तक्त्यांत मातीची क्षारता ५ डेसीसीमेनपर्यंत त्याला चालते. पण त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादन २० टक्क्यांनी घसरतं. साडेसातला पीक निम्म्यावर. उगवणीच्या वेळी तर रोप आणखी हळवं असतं, मुळांवरच्या गाठीही कमी धरतात. आणि खारं पाणी तुषारने पानांवर मारलं, तर माती चांगली असूनही पान करपतं.

आपल्याकडे ठाण्यात सोयाबीन नाही, पण खार नवी नाही. खारेगावच्या नावातच ती आहे. उल्हासच्या खाडीकाठी लोकांनी बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि भात पिकवला. भात तर सोयाबीनपेक्षा नाजूक, ३ डेसीसीमेनलाच कुरकुरतो. तरी पिकला, कारण इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो खाचरं धुऊन काढतो. (त्या बांधांचं आपण काय केलं, हा वेगळ्या पोस्टचा विषय.) अकोल्यात पाऊस सातशे-आठशे. तिथे धुणार कोण?

म्हणून माझा राग एका गोष्टीवर आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. त्यात १२ घटक आहेत, क्षारताही आहे, पण ती मातीची. पाण्याला रकानाच नाही! २०२३ चा ऑगस्ट देशात शतकभरातला सर्वात कोरडा ठरला. अशा खंडात फुलोऱ्यातलं पीक वाचवायला माणूस मिळेल ते पाणी देतो, त्याला दोष कसा देणार? खारपाणपट्ट्यात बोअर, पंप, तुषार संच यांचं अनुदान पाणी तपासल्याशिवाय देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तोच पैसा शेततळ्याला द्या. पावसाच्या गोड्या पाण्याच्या दोन पाळ्या तिथे बोअरच्या सहा पाळ्यांपेक्षा भारी. उगाच सगळीकडे जिप्सम टाकत सुटण्यातही अर्थ नाही. ते सोडियमवर चालतं, नुसत्या मिठावर नाही, आणि निचरा नसेल तर तेही वाया.

ज्यांचे भाऊबंद तिकडे आहेत, त्यांनी एवढं कळवा: पंप अर्धा तास चालू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, लिटरभर पाणी भरा, गट नंबर लिहा आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी प्रयोगशाळेत द्या. सोबत त्याच रानातली मातीही द्या. एकट्या पाण्याचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.