शिबिरं पुरे झाली, पोरांना सामने द्या

परवा पुन्हा एक स्क्रीनशॉट आमच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर येऊन पडला. आशियाई युवा बास्केटबॉल स्पर्धेतला भारताच्या पोरींचा स्कोअर. खाली नेहमीची वाक्यं. "१४० कोटींचा देश आणि ही अवस्था." "पाठवतात कशाला यांना?" "विमानाचं तिकीट आपल्या टॅक्समधून." कोणता सामना आणि किती गुणांनी हरल्या ते मी इथे लिहिणार नाही. त्या पोरी पंधरा-सोळा वर्षांच्या आहेत. आणि ज्यांनी हसण्याचे इमोजी टाकले, त्यातल्या निम्म्या लोकांना त्या वयात डाव्या हाताने लेअप मारता येत नव्हता, हे मी याच डोळ्यांनी बघितलंय.

रागाने लिहितोय, हे आधीच सांगतो. पण राग त्या पोरींवर नाही, त्यांच्या कोचवरही नाही. ज्यांच्यावर आहे ते खाली येईलच.

आधी स्कोअरबद्दल. २०१४ साली दुबईत १७ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. तिथे अमेरिकेने जपानला १२२-३८ असं धुतलं. चौऱ्याऐंशी गुणांचा फरक. जपानमध्येही कोणीतरी म्हटलंच असेल, कशाला पाठवलं म्हणून. पण त्या ३८ मधले २५ गुण एकाच पोराचे होते, रुई हाचिमुरा. जपान त्या स्पर्धेत तळाच्या संघांत राहिला आणि हा सोळा वर्षांचा पोरगा मात्र सगळ्या स्पर्धेत सरासरीने सर्वाधिक गुण करणारा ठरला. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये तो नवव्या क्रमांकावर निवडला गेला. युवा स्पर्धा असते ती यासाठी. आपला पोरगा जगातल्या सगळ्यात चांगल्या पोरांसमोर उभा राहिला की नक्की कुठे आहे, ते तिथे कळतं.

आपल्याला तेवढंही कळत नाही, कारण आपण तिथवर पोचतच नाही. ही १७ वर्षांखालची जागतिक स्पर्धा २०१० पासून दर दोन वर्षांनी होते (कोविडमुळे २०२० ची गेली). २०२४ पर्यंत तिथे भारताचा मुलांचा संघ एकदाही नाही, मुलींचाही नाही. आशियातून चार जागा असतात, आणि २०१७ पासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडही आशियाच्याच रांगेत उभे केलेत, त्यामुळे चढ आणखी अवघड झाला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये १६ वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा आपल्याच बेंगळुरूत झाली. जगाचं तिकीट कोणाला मिळालं? ऑस्ट्रेलिया, जपान, चीन, न्यूझीलंड. २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धाही बेंगळुरूतच झाली. यजमानपद आपण झकास करतो. फुलं, फेटे, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं, कशात कमी पडत नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझा मुद्दा एकच आहे. आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाला खरे सामने किती मिळतात, ते मोजा. खरे म्हणजे पंच असलेले, घड्याळ असलेले, समोर अनोळखी संघ असलेले.

मी गेली बरीच वर्षं संध्याकाळी पोरांना शिकवतो. फी नाममात्र, मैदान सिमेंटचं. माझ्याकडच्या मुलांचं वर्ष कसं जातं ते सांगतो. जूनपासून रोज दोन तास सराव. मग केव्हातरी निरोप येतो, परवा जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा आहे. दोन दिवस आधी! पोरं सकाळी सहाला एसटी पकडून जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. तिथे उद्घाटनाला पाहुणे उशिरा येतात, म्हणून पहिला सामनाच साडेअकराला सुरू होतो. संघ सोळा, मैदान एक, आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागलाच पाहिजे. मग काय करतात? बाद पद्धत. हरला की घरी. शिवाय वेळ वाचवायला क्वार्टर छोटे, आणि घड्याळ थांबवायचंच नाही. बॉल नाल्यात गेला तरी घड्याळ चालू.

हिशोब साधा आहे. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत आठ संघ एकच सामना खेळून परत जातात. म्हणजे वर्षभर रोज घाम गाळणाऱ्या अर्ध्या पोरांचा हंगाम अर्ध्या तासात संपतो. त्यातही बारा जणांच्या संघातली शेवटची पाच पोरं बाकावरून उठलेलीच नसतात. कोच तरी काय करेल? हरलं की संपलं, म्हणून तो पहिल्या सात जणांवरच सामना काढतो. त्या बाकावरच्या पोरांपैकी एखादं दोन वर्षांनी सहा फुटांच्या वर जाणार असतं. पण ते तोवर थांबत नाही, क्लासला जातं.

मी विचारलं होतं एकदा एका अधिकाऱ्याला, साहेब, निदान गट करा, प्रत्येकाला तीन सामने मिळतील. उत्तर मिळालं, "सर, मला या महिन्यात अजून कितीतरी खेळ उरकायचेत." उरकायचेत! शब्द बघा. लग्नात पंगत उरकतात तसं. आणि तो माणूस वाईट नव्हता हो. एवढ्याशा कार्यालयात दोन कर्मचारी, डोक्यावर ढीगभर खेळ, तीन-तीन वयोगट, मुलं वेगळी, मुली वेगळ्या. त्याच्या जागी मी असतो तर मीही बहुधा बाद पद्धतच लावली असती. म्हणून माझा राग त्या एका खुर्चीवर नाही. ही सगळी व्यवस्था सामना खेळवण्यासाठी उभीच केलेली नाही, विजेता ठरवून पुढे पाठवण्यासाठी केलीय. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. चाळणीवर चाळणी. चाळण्या झक्क आहेत, पण चाळायला वर धान्य कोण टाकणार?

आणि चाळणी लागते कशाला? प्रमाणपत्रासाठी. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, त्यांच्या विरोधात मी अजिबात नाही. गरिबाघरच्या पोराला खेळाने नोकरी मिळाली तर आनंदच आहे. पण परिणाम असा झालाय की कागद कोणत्या पातळीचा आहे याला किंमत, आणि पोरगं किती खेळलं याला शून्य. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात उगाच नाही गाजली. पालकही मला येऊन पहिलं विचारतात, "सर, स्टेट होईल ना?" आजपर्यंत एकाही पालकाने विचारलं नाही की माझ्या मुलीला यंदा किती सामने मिळतील.

वय लपवण्याचा धंदाही इथूनच येतो. एकाच सामन्यावर वर्ष अवलंबून असेल तर मिशी फुटलेला, खांदे भरलेला पोरगा चौदा वर्षांखालच्या संघात घालायचा मोह होणारच. तो नुसत्या ताकदीवर बास्केटखाली घुसून सामना काढून देतो. त्याला ड्रिबल, पास, बचावात पाय कसे हलवायचे, काही शिकावं लागत नाही. पुढे राष्ट्रीय शिबिरात हाडांच्या तपासणीत तो गळतो, किंवा त्याच्याच ताकदीचे दुसरे भेटले की हरवतो. आणि ज्याची जागा त्याने खाल्ली, तो खऱ्या वयाचा बारका गार्ड खेळ सोडून कधीच गेलेला असतो. दरवर्षी साखळीत पंधरा-वीस सामने असते तर एका सामन्यासाठी हा उपद्व्याप करायची गरजच कोणाला पडली असती?

आता त्या स्क्रीनशॉटमधल्या पोरींकडे वळतो. अशा संघातली मुलगी आंतरराष्ट्रीय मैदानावर उभी राहते तेव्हा २४ सेकंदांत बास्केटवर मारा करावा लागतो. आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं असतं. समोरच्या चौघी-पाचजणी बॉल आत येतायेताच अंगावर येतात. आमच्या जिल्ह्यात २४ सेकंदांचं घड्याळ मी आजवर पाहिलेलं नाही. टेबलावरचा माणूस "पाच... चार..." असं ओरडतो, तेही त्याला आठवलं तर. अशा ठिकाणाहून सुरुवात केलेली पोरगी त्या घड्याळासमोर गोंधळणारच. पास चुकतो, बॉल जातो, समोरची सोपा लेअप मारते. एकदा, दोनदा, वीसदा. तुम्ही ज्याला लाज म्हणताय तो मोठा फरक असाच चढतो. आणि मग अधिकारी म्हणतात, पुढच्या वेळी शिबिर दोन आठवड्यांनी वाढवू. शिबिरात सराव होतो हो, दबाव कुठून आणणार? विहिरीच्या काठावर बसून हातपाय हलवले म्हणून पोहता येत नाही.

उंचीचं म्हणाल, तर ते मला आता ऐकवत नाही. "हाचिमुराचे वडील आफ्रिकेतले होते, म्हणून." बरं, मग मुलींचं बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या मुलींनी रौप्यपदक जिंकलं. त्यांची गार्ड रुई माचिदा १६२ सेंटिमीटर. पाच फूट चार इंच! आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तेवढ्या आहेत. उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तिने १८ असिस्ट दिले, तो ऑलिम्पिकचा विक्रम ठरला.

कोणी म्हणेल, जपानच्या शाळांतही बाद पद्धतच आहे की. बरोबर आहे. त्यांच्या मोठ्या शालेय स्पर्धा हरला की बाहेर अशाच असतात, आणि त्या तिकडे तुफान लोकप्रिय आहेत. पण तेवढ्याने भागत नाही हे त्यांना कळलं, म्हणून २०२२ पासून त्यांनी १८ वर्षांखालच्या अव्वल शाळांची वेगळी साखळी लीग सुरू केली. ऑलिम्पिकचं रौप्य खिशात असताना! फिलिपाईन्समध्ये तर यूएएपीच्या शालेय गटात आठ संघ एकमेकांशी दोनदोनदा खेळायचे, म्हणजे नुसत्या साखळीतच प्रत्येकाचे १४ सामने. ते २०१४, २०१८ आणि २०२४ च्या युवा जागतिक स्पर्धेला गेले. २०२४ ला इस्तंबूलमध्ये सणकून मारही खाल्ला. पण मार खायला तरी पोचले.

"हे परदेशात ठीक आहे, आपल्याकडे कुठे" असं म्हणणाऱ्यांनी मुंबईत नागपाड्याला जाऊन यावं. मस्तान तलावाचं मैदान आणि नेबरहूड हाऊस. दाटीवाटीची वस्ती, कामगारांची पोरं, उघड्यावरचं कोर्ट. तिथून गुलाम अब्बास मुंतासिरसारखा भारताचा कर्णधार निघाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. नागपाड्याला काही परदेशी तज्ज्ञ नव्हते. तिथे रोज संध्याकाळी सामना असायचा आणि बघायला गल्ली जमायची. चुकलास तर चहाच्या टपरीवर दोन दिवस ऐकून घ्यायचं. पुण्याची शिरीन लिमये पुढे देशाच्या महिला संघाची कर्णधार झाली. म्हणजे आपल्या मातीत खेळाडू उगवत नाहीत असं नाही.

आणि क्रिकेटला शिव्या देणाऱ्यांनी जरा थांबावं. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून भर पावसात चिखलात खेळली जाते. क्रिकेटच्या पोराला पैसा नंतर मिळतो, आधी सामने मिळतात.

पैसे नाहीत म्हणता? करूया हिशोब. आठ शाळा घ्या. प्रत्येकीने प्रत्येकीशी दोनदा खेळायचं. एकूण ५६ सामने. एका मैदानावर रविवारी चार सामने सहज होतात, सकाळी सातला सुरू केलं तर दुपारच्या जेवणाआधी मोकळे. १४ रविवार. पावसाने दोन-तीन बुडाले, परीक्षांनी दोन गेले, तरी जुलै ते डिसेंबर पुरून उरतं. पंचांचं मानधन, दोन चांगले बॉल, एक टेबल, एक शिट्टी, स्कोअरशीटचं पुस्तक. आणि २४ सेकंदांचं घड्याळ नाही म्हणून कोणी अडवलं तर जुना मोबाईल उभा करा, ॲप फुकट आहे. एका "भव्य राज्यस्तरीय आमदार चषका"चा मंडप, फ्लेक्स, शाली आणि डोक्याएवढ्या ट्रॉफ्या यांच्या खर्चात अशा किती लीग निघतील, ते चषक भरवणाऱ्यांनीच सांगावं. चषक नको असं मी म्हणत नाही. पण आमदारसाहेब, तीन दिवसांचा चषक भरवता तसे १४ रविवार भरवा. फ्लेक्सवर १४ वेळा फोटो लावा, आमची हरकत नाही.

संघटनेतल्या मंडळींना मात्र वेगळं विचारायचंय. २०१५ मध्ये देशात एकाच वेळी दोन-दोन बास्केटबॉल फेडरेशन झाली होती, खरं कोण यावर भांडण, आणि शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाने एकाला मान्यता दिली. त्या खुर्चीसाठी जेवढी धावपळ झाली, त्याच्या दहाव्या हिश्श्याने जरी जिल्हा लीगसाठी झाली असती तर तेव्हाची दहा वर्षांची पोरं आज विशीत असती आणि त्यांच्या नावावर दोनशे सामने असते. जिल्हा संघटनांच्या वार्षिक सभेत निवडणूक, हिशोब, सत्कार हे विषय असतात. "यंदा १६ वर्षांखालील मुलामुलींचे किती सामने झाले" हा विषय कोणाच्या अजेंड्यावर आहे का? असला तर मला तो कागद दाखवा, मी ही पोस्ट काढून टाकतो.

आमच्याकडे येत्या जुलैपासून हे करून बघायचं ठरलंय. सहा शाळा तयार आहेत, मुलींचे संघ चारच आहेत. सातवी आणि आठवी शाळा हवीय, कोर्टाच्या एका रिंगला जाळी नाहीये, आणि स्कोअरशीट नीट भरता येणारी दोन माणसं रविवारी सकाळी हवी आहेत. ग्रुपवर हसलेल्यांपैकी कोणी आलं तरी चालेल. नाश्ता आमच्याकडे.